विश्लेषण : वारंवार भोवळ आणि मिनिटाला फक्त २८ ठोके… मंद नाडीचे कोडे मांडणारे डॉ. विल्यम स्टोक्स कोण होते?

चालता चालता माणूस अचानक कोसळतो. चेहरा पांढराफटक पडतो, हाक मारली तर ओ देत नाही. मिनिटभरात डोळे उघडतो, चेहऱ्यावर लाली येते आणि काहीच झाले नसल्यासारखा बोलू लागतो. घरचे म्हणतात फीट आली, कुणी म्हणते अशक्तपणा आहे, कुणी कांदा हुंगवायला धावते. आज असा रुग्ण दवाखान्यात पोहोचला की डॉक्टर आधी नाडी मोजतात आणि ईसीजी काढतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपात अशा रुग्णाची शीर कापून रक्त काढण्याची पद्धत होती, कारण दोष मेंदूत आहे असे मानले जात होते. नजर मेंदूवरून हृदयाकडे वळवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील डॉ. विल्यम स्टोक्स (१८०४-१८७८). मंद नाडीमुळे येणाऱ्या या बेशुद्धीला आजही ‘स्टोक्स-अ‍ॅडम्स झटका’ म्हणतात.

आधी थोडे गणित

निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा धडधडते. ठोके ६० च्या खाली गेले की डॉक्टर त्याला ‘ब्रॅडिकार्डिया’ म्हणतात. प्रत्यक्षात ५० च्या आसपास ठोके असलेली अनेक माणसे ठणठणीत असतात, त्यामुळे केवळ आकड्यावरून आजार ठरत नाही.

एका ठोक्याला हृदय सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलते असे धरा. मिनिटाला ७० ठोके म्हणजे जवळपास ५ लिटर. तेच हृदय २८ वेळा चालले तर हिशेब २ लिटरच्या आत येतो. दोन ठोक्यांमध्ये जास्त वेळ मिळाल्याने हृदय जास्त भरते आणि प्रत्येक वेळी थोडे अधिक रक्त फेकते, म्हणून काही माणसे ३० च्या नाडीवरही हळूहळू चालू-फिरू शकतात. पण या पंपाला मागे राखीव टाकी नाही. ठोका मध्येच काही सेकंद पडलाच नाही तर सर्वांत आधी मेंदू तक्रार करतो. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर साधारण ५ ते १० सेकंदांत शुद्ध हरपते.

हे सगळे आज सोपे वाटते. स्टोक्स यांच्याकडे मात्र ईसीजी नव्हता, रक्तदाब मोजायचे यंत्र नव्हते आणि हृदयात वीज कशी वाहते हे डॉक्टरांना माहीत नव्हते. त्यांच्याकडे होते सेकंदकाट्याचे घड्याळ, लाकडी नळीसारखा स्टेथोस्कोप आणि रुग्णाशेजारी बसण्याची तयारी.

शाळेत न गेलेला मुलगा

विल्यम यांचे वडील व्हिटली स्टोक्स हे डॉक्टर आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले प्राध्यापक. आयरिश क्रांतिकारक वोल्फ टोन यांचे ते मित्र. १७९८ च्या उठावाच्या वर्षी ‘युनायटेड आयरिशमेन’ या संघटनेशी संबंध असल्याच्या ठपक्यावरून ट्रिनिटीने त्यांना काही काळ पदापासून दूर ठेवले होते. पुढे त्यांनी प्रस्थापित चर्चही सोडले. अशा घरातला मुलगा नेहमीच्या शाळेत गेला नाही. अभिजात भाषा एका खासगी शिक्षकाकडून आणि विज्ञान वडिलांकडून, असे त्याचे शिक्षण झाले.

लहानपणी विल्यम आळशी म्हणून ओळखला जायचा. पुस्तक घेऊन झाडाखाली पडून राहायचा. एकदा तो असाच झोपलेला असताना आईच्या डोळ्यांतले पाणी चेहऱ्यावर पडून त्याला जाग आली आणि त्या दिवसापासून तो अभ्यासाला लागला, अशी घरातली गोष्ट सांगितली जाते. चरित्रांमध्ये अशा गोष्टींची कमतरता नसते. खरे बदल घडवले ते ग्लासगो आणि एडिंबरा या शहरांनी. ग्लासगोत त्यांनी रसायनशास्त्र शिकले, एडिंबरात वैद्यक. तिथे प्रा. विल्यम अ‍ॅलिसन यांच्यासोबत ते शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये रुग्ण पाहायला जात.

१८२५ मध्ये ते एडिंबरातून एमडी झाले आणि त्याच वर्षी त्यांचे स्टेथोस्कोपवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. वय जेमतेम विशीचे. फ्रान्समध्ये रेने लेनेक यांनी हे साधन शोधून दहा वर्षेही झाली नव्हती. इंग्रजीत या विषयावर स्वतंत्रपणे लिहिलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. ब्रिटन-आयर्लंडमधल्या अनेक ज्येष्ठ डॉक्टरांना छातीला नळी लावून ऐकणे हा पोरखेळ वाटत होता. रुग्णाची नाडी, जीभ आणि लघवी पाहून निदान करणाऱ्या पिढीला हे नवे खूळ रुचणे कठीणच होते.

एकाच रुग्णालयात वेगवान आणि मंद हृदय

डब्लिनला परतल्यावर १८२६ मध्ये स्टोक्स यांना मीथ हॉस्पिटलमध्ये वडिलांची जागा मिळाली. तिथे त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे रॉबर्ट ग्रेव्ह्ज आधीपासून होते. या दोघांनी मिळून जे केले त्याला पुढे वैद्यकातली ‘डब्लिन परंपरा’ म्हटले गेले. त्याआधी विद्यार्थी डॉक्टरांच्या मागे घोळक्याने फिरत आणि लांबून ऐकत. ग्रेव्ह्ज यांनी वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडे रुग्ण सोपवायला सुरुवात केली. तपासा, नोंद लिहा, निदान सांगा आणि ते का केले याचे उत्तर द्या. आज एमबीबीएसचा विद्यार्थी वॉर्डात ‘केस’ मांडतो, ती पद्धत युरोपातून घेऊन इंग्रजी भाषिक जगात रुजवणाऱ्यांमध्ये हे दोघे होते.

ग्रेव्ह्ज यांना मोजण्याचे वेड होते. माणूस पडलेला, बसलेला आणि उभा असताना नाडीत किती फरक पडतो याची मोजणी करून त्यांनी लेख लिहिला. १८३५ मध्ये त्यांनी गलगंड आणि जोरात धडधडणारे हृदय यांची सांगड घातली, म्हणून अतिक्रियाशील थायरॉईडच्या एका आजाराला ‘ग्रेव्ह्ज डिसीज’ म्हणतात. एकाच रुग्णालयातल्या दोन मित्रांपैकी एकाचे नाव वेगाने पळणाऱ्या हृदयाशी जोडले गेले, दुसऱ्याचे मंद चालणाऱ्या.

स्टोक्स रुजू झाले त्या सुमारास डब्लिनमध्ये टायफस तापाची साथ होती. उवांमधून पसरणारा हा ताप गरीब वस्त्यांमधून रुग्णालयात आणि तिथून थेट डॉक्टरांपर्यंत येई. १८२७ मध्ये स्टोक्स स्वतः त्याने आजारी पडले. तापाच्या रुग्णाला उपाशी ठेवायचे आणि रक्त काढायचे, ही तेव्हाची रूढ पद्धत. ग्रेव्ह्ज यांनी तापातल्या रुग्णाला अन्न द्यायला सुरुवात केली. स्टोक्स यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. ताप चढत गेला की काही रुग्णांच्या हृदयाचा पहिला ध्वनी क्षीण होत जातो. हृदयाचे स्नायू दमल्याची ही खूण आहे असे मानून कोणत्या रुग्णाला उत्तेजक म्हणून वाइन द्यायची, हे ते त्या ध्वनीवरून ठरवत. वाइनचा उपाय आता इतिहासजमा झाला. पण हृदयाचा आजार नसलेला माणूसही हृदयाच्या कमजोरीने दगावू शकतो, आणि म्हणून प्रत्येक आजारात हृदय ऐकले पाहिजे, हा धडा त्यांनी इथे घेतला.

अ‍ॅडम्स यांचा रुग्ण

‘स्टोक्स-अ‍ॅडम्स’मधले दुसरे नाव रॉबर्ट अ‍ॅडम्स (१७९१-१८७५) यांचे. तेही डब्लिनचेच, पण शल्यचिकित्सक. १८२७ मध्ये ‘डब्लिन हॉस्पिटल रिपोर्ट्स’मध्ये त्यांनी हृदयरोगांवर लेख लिहिला. त्यात महसूल खात्यातल्या ६८ वर्षांच्या एका अधिकाऱ्याची हकिकत होती. नाडी मिनिटाला ३०. सात वर्षांत त्याला मेंदूच्या झटक्यासारखे २० झटके येऊन गेले होते. तरीही एकदाही हातपाय लुळे पडले नव्हते. १८१९ मध्ये अशाच एका झटक्यात तो गेला. शवविच्छेदनात हृदयावर आणि हृदयात चरबी आढळली.

इथे अ‍ॅडम्स यांना प्रश्न पडला. मेंदूचा झटका २० वेळा येऊन काहीच मागे ठेवत नाही, हे कसे शक्य आहे? दोष हृदयात असावा आणि मेंदू त्याचे परिणाम भोगत असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. असे रुग्ण त्याआधीही लिहून ठेवले गेले होते. इटलीत पादुआ येथील जोव्हान्नी मोर्गान्यी यांनी १७६१ च्या ग्रंथात मंद नाडी आणि झटके असलेल्या एका धर्मगुरूची नोंद केली होती. काही देशांत म्हणूनच या आजाराला मोर्गान्यी यांचेही नाव जोडतात. अ‍ॅडम्स यांचा लेख वाचला गेला आणि बाजूला पडला. वैद्यकात असे नेहमी होते. एकटादुकटा रुग्ण ‘विचित्र केस’ म्हणून कपाटात जातो.

१८४६ : मानेच्या शिरेकडे पाहणारा डॉक्टर

१९ वर्षांनी स्टोक्स यांनी ‘डब्लिन क्वार्टरली जर्नल ऑफ मेडिकल सायन्स’मध्ये कायम मंद राहणाऱ्या नाडीच्या काही रुग्णांविषयी लेख लिहिला. स्वतःचे रुग्ण मांडताना त्यांनी अ‍ॅडम्स यांच्या जुन्या रुग्णाचीही आठवण करून दिली. त्या काळात श्रेयावरून डॉक्टरांमध्ये जाहीर भांडणे होत, हे लक्षात घेता ही गोष्ट छोटी नव्हती.

लेखातला मुख्य रुग्ण मीथ हॉस्पिटलमध्ये दाखल झालेला, उतारवयाचा. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो ठणठणीत होता. मग एक दिवस अचानक भोवळ येऊन पडला आणि तेव्हापासून झटके सुरूच राहिले. आधी सूचना मिळे, डोके जड होई, मग शुद्ध जाई. काही मिनिटांत तो सावरे. झटक्यानंतर ना अर्धांगवायू, ना बोलण्यात अडखळणे. नाडी मिनिटाला २८.

या रुग्णाने स्वतःच एक उपाय शोधला होता. झटका येणार असे वाटले की तो दोन्ही हात आणि गुडघे टेकून ओणवा होई आणि डोके खाली घाली. अनेकदा झटका टळत असे. स्टोक्स यांनी हे हसण्यावारी नेले नाही, लिहून ठेवले. डोके हृदयाच्या पातळीच्या खाली गेले की थोड्या दाबातही रक्त मेंदूपर्यंत पोहोचते. आज भोवळ आलेल्या माणसाला आडवे करून पाय उंच करायला सांगतात, त्यामागे हेच साधे तत्त्व आहे. रुग्णाच्या शरीराने त्याला जे शिकवले ते डॉक्टरांच्या उपचारापेक्षा अधिक बरोबर होते.

दुसरी नोंद आज वाचली तर थक्क व्हायला होते. स्टोक्स यांनी मानेतल्या शिरांकडे पाहिले. मनगटावरची नाडी संथ होती, पण मानेतली शीर तिच्या दुपटीहून अधिक वेळा थरथरत होती. म्हणजे हृदयाचा एक भाग एका तालात आणि दुसरा वेगळ्याच तालात चालत होता. त्याचा अर्थ त्यांना लागला नाही. लागणे शक्यही नव्हते. आज आपल्याला माहीत आहे की मानेतली ती थरथर हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाची असते, तर मनगटावरची नाडी खालच्या कप्प्यांची. वरचा कप्पा आदेश देत होता, पण तो खाली पोहोचतच नव्हता. यालाच आता ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’ म्हणतात.

लेखातला व्यवहारातला निष्कर्ष मात्र स्पष्ट होता. झटका दिसायला मेंदूचा असला तरी या रुग्णांचे रक्त काढू नये. आधीच कमी पडणारे रक्त आणखी काढले तर रुग्ण दगावू शकतो. त्यांना बळ द्यावे, उत्तेजन द्यावे. शेकडो वर्षे चालत आलेल्या उपचाराच्या नेमके उलट सांगणे होते हे.

त्यांचे कुठे चुकले?

स्टोक्स यांच्या मते सगळ्याचे मूळ हृदयाच्या स्नायूंच्या दुबळेपणात होते, विशेषतः स्नायूंत चरबी साठून होणाऱ्या ऱ्हासात. स्नायू थकले म्हणून ठोके कमी झाले, असे त्यांना वाटले. हे स्पष्टीकरण अपुरे ठरले.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तोच दर सेकंदाच्या आसपास विजेची हलकी लहर सोडतो. ही लहर कप्प्यांच्या मधल्या एका जंक्शनवर क्षणभर थांबते आणि मग तारेसारख्या पेशींतून खाली उतरते. मूळ पुंजका सुस्तावला तर संपूर्ण हृदय हळू चालते. जंक्शन किंवा तार तुटली तर खालचे कप्पे स्वतःच्या जोरावर मिनिटाला ३०-४० ठोक्यांनी कसेबसे चालत राहतात, आणि मध्येच तेही चुकले की माणूस कोसळतो. या वायरिंगचा शोध तुकड्यातुकड्याने लागला. जर्मनीत विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये मधल्या तारेचे वर्णन केले, सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये जंक्शनचे, तर इंग्लंडमध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये मूळ पुंजक्याचे. तोवर स्टोक्स यांना जाऊन जवळपास ३० वर्षे झाली होती. स्पष्टीकरण चुकले, निरीक्षण टिकले. पुढच्या संशोधकांना नेमके काय शोधायचे आहे ते त्या २८ च्या आकड्याने आणि मानेच्या शिरेने आधीच सांगून ठेवले होते.

मंद नाडी आणि बाकीचे आजार

स्टोक्स यांचा भर एकाच गोष्टीवर असे : नाडी वेगळी पाहू नका, माणूस पूर्ण पाहा. मंद नाडीच्या बाबतीत हे आज अधिकच पटते, कारण हृदय संथ होण्याचे कारण पुष्कळदा हृदयाच्या बाहेर असते.

सर्वांत नेहमीचे उदाहरण थायरॉईडचे. ग्रंथीचे हार्मोन कमी पडले की वजन वाढते, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता होते, केस गळतात आणि नाडीही मंदावते. ग्रेव्ह्ज यांच्या वेगवान हृदयाची ही दुसरी बाजू. हार्मोनची गोळी सुरू झाल्यावर ठोके हळूहळू पूर्ववत होतात. दुसरे कारण आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात असते. रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर औषधे, काही कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर, डिगॉक्सिन, अगदी काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकायचे काही थेंबसुद्धा हृदय मंद करू शकतात. म्हाताऱ्या माणसाला दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली दोन औषधे एकत्र झाली आणि ठोके ४० वर आले, हा प्रकार नवा नाही. अशा वेळी औषध मनाने बंद करणेही धोक्याचे असते. सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जाणे हाच योग्य मार्ग.

मूत्रपिंडे निकामी होत असतील तर रक्तातले पोटॅशियम वाढते आणि हृदयाची विजेची लहर मंदावते. अशा रुग्णाला हृदयाची औषधेही चालू असतील तर परिस्थिती झपाट्याने बिघडते. हृदयाच्या खालच्या भागात झटका आला तरी नाडी संथ होऊ शकते, म्हणून छातीत दुखणे, घाम आणि मंद नाडी एकत्र असतील तर थांबायचे नाही. डोक्याला मार लागून कवटीतला दाब वाढला की रक्तदाब चढतो आणि ठोके उतरतात. अपघातग्रस्तात ही जोडी दिसली की न्यूरोसर्जनला बोलावतात. झोपेत घोरणे आणि श्वास अडकणे, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असलेल्यांचे ठोके रात्री खूप खाली जाऊ शकतात.

टायफॉइडमध्ये एक गंमत दिसते. ताप वाढला की नाडीही वाढायला हवी, पण काही रुग्णांत ती त्या मानाने संथच राहते. चांगले जुने डॉक्टर यावरून रक्ताच्या तपासणीआधीच संशय घेत. ऱ्हुमॅटिक तापात लहर जंक्शनवर नेहमीपेक्षा जास्त वेळ अडकते. आईला ल्युपससारखा आजार असेल तर तिच्या रक्तातली प्रतिपिंडे गर्भातल्या बाळाच्या हृदयाची वायरिंग बिघडवू शकतात. शेतात फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशक अंगात गेले तर लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि हृदय मंदावते. तिथे अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन जीव वाचवते. विदर्भातल्या रुग्णालयांना हे सांगायला नको.

आणि काहीही बिघडलेले नसतानाही ठोके कमी असू शकतात. मॅरेथॉन धावणाऱ्यांचे, सायकलपटूंचे हृदय विश्रांतीत ४० च्या घरात असणे सामान्य आहे. तरुण माणसाचे गाढ झोपेतले ठोके ५० च्या खाली जातात. स्मार्टवॉचने पहाटे ३ वाजताचा ४६ हा आकडा दाखवला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रश्न असा विचारायचा : भोवळ येते का, चालताना दम लागतो का, छातीत दुखते का, अचानक थकवा वाढला का? यापैकी एक जरी ‘हो’ असले तर तपासणी हवी. फीट आणि हृदयाची बेशुद्धी यांत गल्लत आजही होते, कारण मेंदूला रक्त कमी पडले की हातपाय झटकतात. फिटनंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला राहतो, हृदयामुळे आलेल्या बेशुद्धीत तो सहसा पटकन भानावर येतो. बघणाऱ्याने मोबाइलवर चित्रण केले असेल तर डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

दुष्काळातले डब्लिन

मंद नाडीचा लेख छापला गेला ते १८४६ साल आयर्लंडच्या इतिहासातले काळे वर्ष. आदल्या वर्षी बटाट्याच्या पिकावर करपा पडला होता, या वर्षी पीक जवळपास सगळेच गेले. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. भुकेल्यांच्या झुंडी शहरांकडे येत होत्या आणि त्यांच्याबरोबर टायफस. दीर्घ उपासमारीत शरीर ऊर्जा वाचवण्यासाठी हृदयही मंद करते, हे आज पाठ्यपुस्तकांत असते.

या काळात डॉक्टर मोठ्या संख्येने मरत होते. स्टोक्स आणि शल्यचिकित्सक जेम्स क्युसॅक यांनी तापाने दगावलेल्या आयरिश डॉक्टरांची माहिती जमवून १८४७-४८ मध्ये प्रसिद्ध केली. सरकार तापाच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांना तुटपुंजा मोबदला देत होते आणि त्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांकडे पाहत नव्हते. त्यावर आकडेवारी हेच या दोघांचे उत्तर होते. पुढे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण वेगळे हवे यासाठी स्टोक्स यांनी आग्रह धरला आणि १८७० च्या सुमारास ट्रिनिटीने त्या विषयाची स्वतंत्र पदविका सुरू केली.

१८५३ मध्ये ग्रेव्ह्ज गेले. मित्राचे विखुरलेले लेखन स्टोक्स यांनी पुढे संपादित करून छापले. १८५४ मध्ये त्यांचा स्वतःचा हृदय आणि महारोहिणीच्या आजारांवरचा मोठा ग्रंथ आला. अचानक सुरू होऊन अचानक थांबणाऱ्या धडधडीचे सुरुवातीचे वर्णन त्यात आहे. मृत्यूच्या जवळ असलेल्या काही रुग्णांचा श्वास वाढत जातो, मग कमी होत थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. हा प्रकार डब्लिनमध्येच जॉन चेन यांनी १८१८ मध्ये नोंदवला होता, स्टोक्स यांनी त्याची ओळख पक्की केली. ‘चेन-स्टोक्स श्वसन’ हे नाव आयसीयूतल्या कुणालाही विचारा. याच ग्रंथात हृदय दुबळे झालेल्या काही रुग्णांना त्यांनी नियमित, हळूहळू वाढवत नेलेले चालणे सुचवले. तेव्हा हृदयरोग्याला अंथरुणात ठेवत. आज बायपासनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्णाला व्हरांड्यात चालवतात.

मेरियन स्क्वेअरचे घर आणि भारताशी नाते

डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमधले स्टोक्स यांचे घर चित्रकार, संगीतकार आणि इतिहासकारांनी भरलेले असे. जुन्या आयरिश वास्तू आणि लोकसंगीत यांचे अभ्यासक जॉर्ज पेट्री हे त्यांचे जिवलग मित्र. त्यांचे चरित्र स्टोक्स यांनीच लिहिले. कवी जेम्स क्लेरन्स मँगन १८४९ च्या कॉलराच्या काळात मीथ हॉस्पिटलमध्ये शेवटचे दिवस मोजत होते, तेव्हा त्यांची काळजी स्टोक्स यांनी घेतली. कन्या मार्गारेट पुढे प्राचीन आयरिश कलेच्या नामवंत अभ्यासक झाल्या.

थोरले चिरंजीव व्हिटली यांची गोष्ट आपल्या जवळची आहे. प्राचीन आयरिश भाषेचे हे मोठे पंडित पोटापाण्यासाठी वकील होते आणि १८६२ मध्ये मद्रासला आले. १८७७ ते १८८२ या काळात ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदा सदस्य होते. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, त्याच वर्षीचे ट्रस्ट आणि सुविधाधिकार कायदे त्यांच्या कारकिर्दीतले. फ्लॅटचे खरेदीखत करताना, भाडेकराराचा वाद झाला तर किंवा शेताच्या बांधावरून जायच्या वाटेवरून तंटा पेटला तर आजही वकील याच कायद्यांची कलमे काढतात.

मृत्यूनंतरचे नाव

मान-सन्मान भरपूर मिळाले. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, राणीचे आयर्लंडमधले डॉक्टर हे पद, रॉयल आयरिश अकादमीचे अध्यक्षपद, प्रशियाचा ‘पूर ल मेरीत’ हा सन्मान. शिल्पकार जॉन हेन्री फोली यांनी घडवलेला त्यांचा पुतळा डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या इमारतीत आहे. समुद्राकाठच्या हाउथ येथे जानेवारी १८७८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ आंरी ह्यूशार यांनी या आजाराला दोन्ही डब्लिनकरांचे नाव दिले आणि ते रूढ झाले.

नाव मिळाले तरी उपाय मात्र पुढची कित्येक दशके नव्हता. १९५८ मध्ये स्वीडनमधले ४३ वर्षांचे अभियंते आर्ने लार्सन यांना विषाणुसंसर्गानंतर हृदयाचा ब्लॉक झाला होता आणि दिवसातून अनेकदा स्टोक्स-अ‍ॅडम्स झटके येत होते. त्यांची पत्नी एल्स-मारी यांनी शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंते रुने एल्मक्विस्ट यांच्याकडे तगादा लावला. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पूर्णपणे आत बसवलेला पेसमेकर ठेवण्यात आला. तो काही तासच चालला. मग दुसरा बसवला, मग तिसरा. आयुष्यभरात त्यांनी वीसहून अधिक पेसमेकर बदलले. २००१ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी ते गेले, तेही त्वचेच्या कर्करोगाने. हृदय तोवर चालत होते.